बडोद्याहून परदेशी नेताना: शिसवी झोपाळा, तानपुरा, वाघनख आणि औषधी मुळ्या

दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या एखाद्या जुन्या मराठी घरात वन्यजीव कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या चार-पाच वस्तू सहज निघतात. दिवाणखान्यातला शिसवी झोपाळा, सोन्यात मढवलेलं वाघनख, आजीची हस्तिदंती फणी, जुन्या सतारीची सांबरशिंगाची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी), देव्हाऱ्यातली मोरपिसं. मुलगा-सून मेलबर्नला किंवा न्यू जर्सीला निघाले आणि त्यातलं काही बॅगेत किंवा कंटेनरमध्ये गेलं, की प्रश्न उभा राहतो. वस्तू विकली नाही, नुसती घरच्यांना दिली, हे उत्तर चालत नाही. आंतरराष्ट्रीय करारात सीमा ओलांडणं हाच व्यापार धरतात. पैसे घेतले की नाही हा मुद्दा गौण असतो.

दोन कायदे एकाच वेळी लागू होतात आणि बहुतेक लोक त्यांतला एकच बघतात. पहिला म्हणजे सायटीस, संकटात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. तो ३ मार्च १९७३ रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला, १ जुलै १९७५ पासून अमलात आला, आणि भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. दुसरा आपला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने सायटीससाठी वेगळं प्रकरण घातलं आणि करारातल्या जातींची यादी चौथ्या अनुसूचीत आणली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. याशिवाय परकीय व्यापार महासंचालनालयाचं आयात-निर्यात धोरण, सीमाशुल्क आणि वनस्पती-पशू क्वारंटाइन आहेतच. या सगळ्यांत जो नियम सर्वांत कडक तोच तुम्हाला लागू, असं धरून चालावं. सायटीसमध्ये सूट आहे म्हणून भारतातून वस्तू निघेलच असं नाही, आणि भारतातून निघाली म्हणून तिकडे उतरेलच असंही नाही.

सायटीसची तीन परिशिष्टं आहेत. पहिल्यात वाघ, आशियाई हत्ती, आपली नेहमीची घोरपड आणि विश्वामित्री नदीतली आपली मगर: यांचा व्यापारी व्यवहार जवळपास बंद, आणि बिगरव्यापारी कारणासाठीही दोन्ही देशांची परवानगी हवी. दुसऱ्यात नियंत्रित व्यापाराच्या जाती. निर्यातदार देशाचं परमिट हवं. तिसऱ्यात एखाद्या देशाने स्वतःहून नोंदवलेल्या. कधी एकच जात देशानुसार दोन परिशिष्टांत असते. खाऱ्या पाण्यातली मगर भारतात पहिल्या परिशिष्टात, पण ऑस्ट्रेलियातली दुसऱ्या. म्हणून तिकडे मगरीच्या कातड्याचा पट्टा दुकानात उघड मिळतो, म्हणजे इकडेही मोकळा असणार, असा अर्थ काढू नये.

आधी शास्त्रीय नाव

सगळा कारभार शास्त्रीय नावावर चालतो. 'रोझवूड', 'शिसम', 'काळं लाकूड' या नावांनी अर्ज पुढे सरकत नाही. नाव कळलं की 'स्पीशीज प्लस' या मोफत शोधसंचात ते टाकावं आणि चार गोष्टी लिहून घ्याव्यात: परिशिष्ट कोणतं, ते कोणत्या देशातल्या प्राण्यांना किंवा झाडांना लागू, नोंद कोणत्या तारखेपासून, आणि नावापुढे # चिन्हासह क्रमांक आहे का. हा # क्रमांक वनस्पतींच्या बाबतीत निर्णायक असतो. त्या जातीचा कोणता भाग नियंत्रणात आणि कोणता मोकळा, हे त्यात लिहिलेलं असतं. मग तेच नाव आपल्या कायद्याच्या अनुसूचींमध्ये शोधावं. जुन्या लेखांतले अनुसूची क्रमांक वापरू नका, २०२२ च्या दुरुस्तीत सगळी मांडणी बदलली.

यादीही दर दोन-तीन वर्षांनी बदलते. सदस्य देशांची परिषद होते (२०२२ मध्ये पनामा, २०२५ मध्ये समरकंद) आणि ठरलेले बदल साधारण ९० दिवसांनी लागू होतात. ऑर्डर घेताना मोकळी असलेली वस्तू पाठवताना नियंत्रित झालेली असू शकते.

शिसवी आणि सागवानी

बडोद्यातून सर्वांत जास्त विचारणा याच वस्तूंची असते, म्हणून इथे जरा थांबू.

संखेड्याचा लाखकाम केलेला झोपाळा किंवा खुर्ची सागाची असते. साग, म्हणजे टेक्टोना ग्रँडिस, सायटीसमध्ये नाही. या फर्निचरला सायटीस परमिट लागत नाही. फक्त बिलावर 'साग, टेक्टोना ग्रँडिस' असं दुकानदाराकडून स्पष्ट लिहून घ्यावं. नुसतं 'लाकडी झोपाळा' लिहिलं की तपासणीत वस्तू अडकते.

शिसव (डाल्बर्जिया लॅटिफोलिया) आणि शिसम (डाल्बर्जिया सिस्सू) मात्र २ जानेवारी २०१७ पासून दुसऱ्या परिशिष्टात आहेत. त्या दिवशी डाल्बर्जियाचा जवळजवळ सगळा कुळपरिवारच यादीत आला. त्यांना #१५ ही टीप लागू आहे. तिच्यानुसार तयार वस्तूत या लाकडाचं वजन १० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. आधी ही मर्यादा अख्ख्या मालाला लावली जाई आणि हस्तकला निर्यातदारांचे हाल होत. २०२२ च्या पनामा परिषदेत भारताने ते स्पष्ट करून घेतलं: मर्यादा प्रत्येक वस्तूला स्वतंत्र, आणि वजन फक्त लाकडाचं, पितळी कड्या, साखळ्या, काच धरायची नाही. म्हणजे प्रत्येकी ३ किलोचे ५० शिसवी डबे एकाच मालात चालतील. झोपाळ्याची फळी मात्र चालणार नाही.

हिशोब असा. फळी १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ५ जाड असेल तर घनफळ ०.०३६ घनमीटर. वाळलेल्या शिसवाचं वजन घनमीटरला साधारण ८३० किलो धरलं तर फळी ३० किलोच्या आसपास जाते. फळी कापून चार तुकडे करून पाठवावी, असा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नये: तुकडे ही तयार वस्तू राहत नाही, आणि पोहोचल्यावर जोडायची फळी म्हणून ते उघडं पडतं.

फळी शिसवी की काळ्या पॉलिशची सागवानी, हे आधी पक्कं करा. अनेक घरांत 'शिसवी' म्हणून मिरवलेली वस्तू साग निघते. फळी उलटी करून कडेला, साखळीच्या कडीजवळ, नखभर जागेवरचं पॉलिश खरवडून बघा. सोनेरी-तपकिरी लाकूड, हाताला किंचित तेलकट, ताज्या खरवडीला कातड्यासारखा वास: हा साग. जांभळट-तपकिरी, मधूनमधून काळ्या रेघा आणि त्याच मापाची फळी बरीच जड: शिसव असण्याची शक्यता जास्त. हा घरगुती अंदाज झाला. अर्जासाठी लाकूड ओळखीचा लेखी दाखला लागला तर बंगळुरूची लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्था ते काम करते.

फळी शिसवीच निघाली आणि घरात २०१७ पूर्वीपासून आहे, तर मार्ग 'करारपूर्व' दाखल्याचा. ती जात यादीत येण्याआधी वस्तू तयार होऊन तुमच्या ताब्यात होती, हे दाखवायचं असतं. पुरावा म्हणून जुनं बिल, घराच्या वाटणीपत्रातली नोंद, तारीख असलेले लग्न-मुंजीचे फोटो ज्यांत झोपाळा दिसतो, आणि शपथपत्र. शपथपत्र एकटं पुरेसं धरू नका. फोटोंनी काम जास्त सोपं होतं.

इथे एक वेगळाच कायदा आडवा येतो. वस्तू १०० वर्षांपेक्षा जुनी असेल तर ती १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे २०१७ पूर्वीचा पुरावा द्यायचा, पण वस्तू सयाजीरावांच्या काळातली असल्याची बढाई अर्जात मारायची नाही. आणि खरंच तितकी जुनी असेल तर पाठवण्याचा नाद सोडायचा. वयाबद्दल शंका असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या बडोदा मंडळाकडे 'पुरावशेष नाही' असा दाखला मागावा. जुनं कोरीवकाम दिसलं की सीमाशुल्क अधिकारी तो मागतातच.

दुकानदार किंवा निर्यातदार असाल तर नव्या शिसवी-शिसम मालासाठी हस्तकला निर्यात प्रोत्साहन परिषदेची 'वृक्ष' ही प्रमाणन व्यवस्था आहे. लाकूड कायदेशीर लिलावातून किंवा परवानाधारक वखारीतून आलं याची साखळी तपासून प्रत्येक मालासाठी शिपमेंट प्रमाणपत्र मिळतं, आणि ते सायटीस दस्तऐवजाशी तुल्य मानलं जातं. वखारीचं बिल, वाहतूक पास आणि कारखान्याचा साठा-वही यांचे आकडे जुळले नाहीत की ही साखळी तुटते. लाकूड कापताना जी घट येते ती वहीत न लिहिणं, ही नेहमीची चूक.

वाद्यं

मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सुरू केलेल्या गायनशाळेची परंपरा या गावात असल्यामुळे तानपुरे, सतारी, दिलरुबे इथून सतत परदेशी जातात. शिसवाच्या तयार वाद्यांना २६ नोव्हेंबर २०१९ पासून #१५ मध्येच सूट आहे. वजनाची अटही नाही. तुणाचं लाकूड आणि भोपळा यांना सायटीस लागत नाही.

अडचण लाकडात नसून पांढऱ्या तुकड्यांत असते. घोडी, खुंट्यांची टोकं, मानेवरची नक्षी. जुन्या सतारींच्या घोड्या सांबरशिंगाच्या असत, आणि सांबराच्या गळून पडलेल्या शिंगांचाही व्यापार बंद आहे. नक्षीत हस्तिदंत असू शकतो. भिंग घेऊन तुकड्याची कापलेली बाजू बघा: एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेघा दिसल्या तर हस्तिदंताची शंका धरा, बारीक काळे ठिपके किंवा खड्डे दिसले तर हाड, अगदी सरळ समांतर पट्टे असतील तर बहुधा सेल्युलॉइड. गरम सुई लावून पाहू नका. सेल्युलॉइड भुर्रकन पेटतं.

शिंगाची घोडी कारागिराकडून काढून कृत्रिम पदार्थाची बसवून घ्यावी आणि पदार्थाचं नाव बिलावर लिहून घ्यावं. जवारी (घोडीच्या पृष्ठभागाची घासून केलेली घडण) पुन्हा लावावी लागेल, आवाज थोडा बदलेल, पण वाद्य विमानतळावर राहणार नाही. हस्तिदंताची नक्षी असलेलं वाद्य घरीच ठेवावं.

वाघनख, हस्तिदंत, शाहतूश

इथे मार्ग शोधण्यात वेळ घालवू नये. भारतातून या वस्तू खासगीरीत्या बाहेर जात नाहीत. हस्तिदंताचा व्यापार, आफ्रिकी हस्तिदंतासकट, १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाला. अमेरिकेने २०१६ मध्ये आणि ब्रिटनने २०१८ च्या कायद्याने (अंमल जून २०२२) आपापली दारं जवळपास लावून घेतली, त्यामुळे समोरची बाजूही मोकळी नाही.

घरात वाघनख आहे आणि मुख्य वन्यजीव रक्षकाचं मालकी प्रमाणपत्र आहे, तर ते वारसाहक्कानेच पुढे जाऊ शकतं. विकता किंवा भेट देता येत नाही. वारसाने मिळाल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे, म्हणजे गुजरातसाठी गांधीनगरच्या अरण्य भवनात, घोषणापत्र द्यावं लागतं. ही मुदत बहुतेकांना ठाऊकच नसते. दादा गेले, दागिने वाटले, आणि कागद जुन्याच नावावर राहिले. ठेवायची इच्छा नसेल तर सात कामकाजी दिवसांची सूचना देऊन वस्तू सरकारजमा करता येते, मोबदला मिळत नाही. जुनी वस्तू जाहीर करण्यासाठी २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत दिली होती. तेव्हाही नोंद झाली नसेल तर आता घरबसल्या ती नियमित होत नाही. वकिलाचा सल्ला घेऊन वन खात्याशी लेखी बोलावं. बाजारातली पुष्कळ वाघनखं गुरांच्या शिंगाची असतात हे खरं, पण ते प्रयोगशाळेत ठरेपर्यंत दागिना आणि प्रवासी दोघेही अडकतात.

पश्मिना मोकळी आहे, शाहतूश (चिरू या तिबेटी हरणाच्या लोकरीची शाल) नाही. शाल अंगठीतून निघते अशी जाहिरात असेल तर ती घेऊच नका.

छोट्या, पण हमखास अडकणाऱ्या वस्तू

मोरपिसं देशात चालतात, कारण नैसर्गिकरीत्या गळलेल्या पिसांना कायद्यात सवलत आहे. निर्यात मात्र बंद: सुटी पिसं, पंखा, पिसांची हस्तकला, काहीच नाही. कृष्णाच्या मूर्तीच्या मुकुटातलं पीस काढूनच मूर्ती पॅक करा.

पूजासाहित्यात 'हाथाजोडी' म्हणून जी वाळलेली मुळी विकतात ती मुळी नाही. तो घोरपडीच्या नराचा जननावयव असतो. घोरपड आपल्या कायद्यात पहिल्या अनुसूचीत आणि सायटीसच्या पहिल्या परिशिष्टात आहे. ही वस्तू घरात ठेवणंही गुन्हा, टपालाने पाठवणं तर दूरच.

द्वारका-ओख्याच्या किनाऱ्यावरून आणलेला पांढरा दगडी प्रवाळ, समुद्रपंखा, वाळवलेला समुद्रघोडा, हे संरक्षित आहेत. सायटीसमध्ये प्रवाशाला चार समुद्रघोड्यांची वैयक्तिक सूट आहे, असं कुणी दाखवलं तर ते खरं आहे आणि इथे निरुपयोगी आहे, कारण आपला कायदा त्याहून कडक आहे.

ललित कला विद्याशाखेच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट. मुंगसाच्या केसांचे ब्रश अजूनही कुठे कुठे मिळतात. मुंगूस संरक्षित आहे. परदेशी शिष्यवृत्तीवर निघताना रंगपेटी एकदा उपसून बघा.

औषधी मुळ्या

आयुर्वेदिक माल पाठवणाऱ्यांनी ही नावं तोंडपाठ ठेवावीत. कोष्ठ, म्हणजे उपलेट (सॉसुरिया कॉस्टस), पहिल्या परिशिष्टात आहे. जटामांसी, कुटकी आणि सर्पगंधा दुसऱ्यात. कोरफडीच्या कुळातल्या बहुतेक जाती दुसऱ्या परिशिष्टात, काही पहिल्यात; आपली नेहमीची कोरफड मात्र यादीत नाही. रक्तचंदनही दुसऱ्यात, आणि त्याची निर्यात एरवीही जवळपास बंदच.

निर्यात धोरणात जंगलातून गोळा केलेल्या काही ठरावीक वनस्पतींना बंदी आहे. शेतात लावलेला माल असेल तर वन अधिकाऱ्याचा लागवड दाखला आणि सायटीसची जात असल्यास परमिटही लागतं. दाखला कापणीच्या आधी मागावा, कारण उभं पीक पाहिल्याशिवाय अधिकारी सही का करेल? तयार गोळ्या-चूर्णांना बऱ्याच बाबतीत सवलत आहे, पण ती # टिपेवर अवलंबून असते: किरकोळ विक्रीसाठी पॅक केलेलं औषध आणि पोत्यात भरलेलं चूर्ण या दोन वेगळ्या गोष्टी.

परमिटचा अर्ज

सायटीसचं व्यवस्थापन प्राधिकरण केंद्रीय पर्यावरण मंत्रालयात आहे. गुजरातसाठी वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोचं पश्चिम विभागीय कार्यालय मुंबईत आहे. पहिल्या परिशिष्टातली वस्तू असेल तर क्रम उलटा: आधी समोरच्या देशाचं आयात परमिट, मग आपलं निर्यात परमिट.

अर्जासोबत वस्तूचे चारही बाजूंचे फोटो मोजपट्टी ठेवून काढलेले असावेत. शास्त्रीय नाव, वजन किंवा नग, कायदेशीर प्राप्तीचा पुरावा, पाठवणारा आणि घेणारा यांचे पूर्ण पत्ते, बंदराचं नाव हवं. परमिटमध्ये दोन संकेताक्षरं येतात आणि तीच तपासली जातात. उद्देश: व्यापारासाठी 'टी', वैयक्तिक वापरासाठी 'पी', शास्त्रीय कामासाठी 'एस'. उगम: जंगली 'डब्ल्यू', कृत्रिमरीत्या लावलेली वनस्पती 'ए', बंदिवासात जन्मलेले 'सी', करारपूर्व 'ओ'. तुमच्या झोपाळ्यावर 'पी' आणि 'ओ' यायला हवं. 'डब्ल्यू' आलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. नंतर खाडाखोड झालेलं परमिट रद्दबातल धरतात.

निर्यात परमिटची मुदत जास्तीत जास्त सहा महिने, आणि त्या मुदतीत माल समोरच्या बंदरात पोहोचायला हवा, नुसता निघून चालत नाही. समुद्रमार्गे जाणारं घरसामान असेल तर जहाजाची तारीख ठरल्यावरच अर्ज करा. आयात परमिटची मुदत बारा महिने.

माल ठरवून दिलेल्या बंदरांतून आणि विमानतळांवरूनच जातो. मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता त्यांत आहेत. बडोद्याजवळच्या दशरथ गावातल्या कंटेनर डेपोत बाकी घरसामानाबरोबर झोपाळा सील करून मोकळं होऊ, हा बेत आधी क्लिअरिंग एजंटला विचारून घ्यावा. बहुतेक वेळा सायटीसची वस्तू वेगळी काढून मुंबईमार्गे पाठवणंच सोपं जातं. तपासणी अधिकारी प्रत्यक्ष नग मोजून परमिटच्या १४व्या रकान्यात निघालेली संख्या लिहितो, सही-शिक्का करतो. हा रकाना कोरा राहिला तर मूळ परमिट असूनही तिकडे माल अडतो. मूळ प्रत मालाबरोबर जाते, झेरॉक्स चालत नाही. आधी पाठवू, परमिट मागून मिळवू, हा प्रकार अपवादानेच मान्य होतो.

वजनाचं एकक सगळ्या कागदांवर एकच ठेवा. परमिटवर 'नग १', बिलावर 'किलो ३०' आणि पॅकिंग यादीत 'पेटी २' असं दिसलं की चौकशी सुरू होते. पॅकिंगच्या लाकडी पेटीवर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का हवा (गाभ्यापर्यंत ५६ अंश, ३० मिनिटं). ऑस्ट्रेलियात तर साल चिकटलेलं लाकूड किंवा किड्याची भोकं दिसली तरी माल परत येतो, मग सायटीसचे कागद कितीही चोख असोत.

इकडे आणताना

परदेशातून बॅगेज म्हणून पाळीव कुत्रा किंवा मांजर आणता येतं, पोपट नाही. पक्षी किंवा सरपटणारा प्राणी आणायचा तर निघणाऱ्या देशाचं सायटीस परमिट, मुख्य वन्यजीव रक्षकाचं ना-हरकत पत्र, परकीय व्यापार महासंचालनालयाचा परवाना आणि पशुसंवर्धन खात्याचा स्वच्छता आयात परवाना, इतकं लागतं. आफ्रिकन ग्रे पोपट जानेवारी २०१७ पासून पहिल्या परिशिष्टात आहे. बजरी आणि कॉकटील यादीत नाहीत. आपला देशी राघू सायटीसमध्ये नाही, पण भारतात पाळणं बेकायदा आहे. ही गोष्ट अजूनही लोकांना पटत नाही.

चौथ्या अनुसूचीतला परदेशी प्राणी आधीच घरात असेल तर २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणी लागते. जुन्या मालकांना सहा महिन्यांची मुदत होती; नव्याने ताब्यात आलेल्यासाठी ३० दिवस. विकणाऱ्याकडे त्याच्या नोंदणीचा कागद नसेल तर पैसे देऊ नका, कारण त्याशिवाय तुमची नोंदणी होणार नाही.

ऑर्किड आणि निवडुंग ही दोन्ही कुळं जवळपास पूर्ण यादीत आहेत. थायलंडहून बॅगेत चार कुंड्या टाकून आणणाऱ्यांचं सायटीसवर नाही तर मातीवर अडतं: माती आणायलाच बंदी आहे. मुळं धुऊन कोरडी केलेली, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि सायटीस परमिटसह, आणि आधी काढलेला आयात परवाना घेऊन मुंबईला उतरलेली रोपंच बडोद्यापर्यंत येतात.

वस्तू बॅगेत सापडली तर 'माहीत नव्हतं' म्हणण्यापेक्षा ती आपणहून सीमाशुल्काच्या लाल मार्गिकेत दाखवणं केव्हाही बरं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याचा अवयव असेल तर शिक्षा किमान तीन, जास्तीत जास्त सात वर्षं आणि दंड किमान २५,००० रुपये. इतर उल्लंघनांना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. सीमाशुल्क कायद्याची जप्ती वेगळी.